मींड: पंचमावरून गंधारावर

गोव्यात भजन म्हटले की पेटी आलीच, पण मींडेचा, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्याचा, रियाज पेटीवर करू नका. तिचे स्वर सुटे; दोन पट्ट्यांमधली जागा ती दाखवूच शकत नाही. तंबोरा लावा.

शुद्ध कल्याण रागातली प–ग ही मींड घ्या, फार देखणी जागा आहे ती. पंचमावर दोन मात्रा थांबा, मग एकाच श्वासात, ‘आ’ म्हणत, चार मात्रांत गंधारावर उतरा. वाटेतल्या तीव्र मध्यमाला नुसता स्पर्श. तिथे रेंगाळलात की मींड तुटली. शेवटी श्वास कमी पडला तर गंधार सुरापेक्षा खाली लागतो, म्हणून निघण्याआधीच तो मनात ऐका.

सतारीवर गंधाराच्या पडद्यावर तार पंचमापर्यंत खेचा, छेडा, सावकाश सोडा. सोडताना बोटाचा दाब ढिला पडला तर आवाज मधेच बसतो.