स्वतःचं कोट ऑफ आर्म्स काढताय? या चुका टाळा

कोट ऑफ आर्म्स, म्हणजे ढालीवर काढलेलं स्वतःचं किंवा घराण्याचं चिन्ह, काढायला बसलं की हात वस्तू भरायला धावतो. वाचनाची आवड म्हणून पुस्तक, भटकंती म्हणून डोंगर, आणि सिंह तर हवाच! माझ्या पहिल्या ढालीवर अशा नऊ वस्तू होत्या. बटणाएवढी छापून पाहिली, तर नुसता डाग दिसला. ढाल म्हणजे बायोडेटा नव्हे. भलेभलेही इथे घसरलेत. 1798 च्या नाईलच्या लढाईनंतर ब्रिटिश नौसेनानी नेल्सनच्या ढालीत वरच्या पट्ट्यावर ताडाचं झाड, मोडकं जहाज आणि ढासळलेला तोफमोर्चा असा अख्खा देखावा चढवला गेला.

यावर सोपी चाचणी आहे. आपली ढाल फोनवर एका वाक्यात सांगा. ऐकणाऱ्याला ती काढता आली पाहिजे. 'निळ्या जमिनीवर (म्हणजे ढालीच्या पार्श्वभूमीवर) सोनेरी तिरपा पट्टा', बस. एवढ्याशा ढालीवरून इंग्लंडात स्क्रोप आणि ग्रॉस्वेनर हे दोन सरदार 1385 पासून वर्षानुवर्षं भांडले, आणि त्यात कवी चॉसरनेही साक्ष दिली.

सर्वांत जास्त गोंधळ रंगांचा. सोनेरी-चंदेरी (म्हणजे पिवळा-पांढराही) हे धातू. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. काळ्यावर निळा गरुड दिसेना, तर लोक गरुडाला बाह्यरेषा मारत बसतात. त्यापेक्षा जमीन पांढरी करा, काम झालं. जेरुसलेमच्या राज्याच्या ढालीवर चंदेरीवर सोनेरी क्रूस होते, हे खरं. पण तो अपवाद आहे, पळवाट म्हणून वापरू नका.

'लाल म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा' असे तक्ते बरेचसे नंतरच्या लेखकांनी रचलेले. त्यांच्या भरवशावर रंग निवडू नका. नावावरची कोटी मला जास्त आवडते: स्पेनमधल्या जुन्या राज्यांपैकी कॅस्टिलचा किल्ला (कॅसल), लिऑनचा सिंह (लायन). 2011 मध्ये ब्रिटिश राजघराण्याची सून केट मिडलटनच्या कुटुंबाला मिळालेल्या ढालीत तिच्या आईचं माहेरचं आडनाव गोल्डस्मिथ (सोनार) म्हणून सोनेरी शेवरॉन, म्हणजे उलट्या व्हीसारखा पट्टा आहे, आणि तीन मुलांसाठी ओकची तीन फळं. सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि सांगितलं की विसरत नाही.

आडनाव टाइप करून मिळणारं 'घराण्याचं चिन्ह' विकत घेऊ नका. इंग्लंडात ढाल व्यक्तीला मिळते आणि तिच्या वंशजांकडे जाते, आडनावाला नाही. हे काम तिथे 1484 पासून कॉलेज ऑफ आर्म्स या संस्थेकडे आहे. अख्ख्या चित्राला 'क्रेस्ट' म्हणणंही चूकच. क्रेस्ट म्हणजे फक्त शिरस्त्राणावरची आकृती.

आणि उजवं-डावं ढाल धरणाऱ्याचं, बघणाऱ्याचं नव्हे. म्हणून सिंहाचं तोंड सहसा आपल्याला डावीकडे दिसतं. ढाल डाव्या हातात धरली की तो समोर, शत्रूकडे बघतो. उलटा काढलात, तर लढाईतून पळ काढल्यासारखा दिसेल.