कचरा डेपोजवळ शेत असेल तर पालक-मेथी टाकण्याआधी हे करा

फुरसुंगी, उरुळी देवाचीच्या लोकांना वेगळं सांगायला नको, पुण्याचा कचरा तिथल्या १६३ एकरांच्या डेपोवर वर्षानुवर्षं पडत राहिला आणि आसपासच्या विहिरी नासल्या. पाणी खराब झालं की बादलीत दिसतं, मातीचं तसं नाही. डेपोच्या खालच्या अंगाची माती काळीभोर, भुसभुशीत, पीकसुद्धा जोमात, माणूस फसतो तो इथेच. कचऱ्यात सेल, बॅटऱ्या, रंगाचे डबे सगळं असतं, पावसात त्यातून जे काळं पाणी सुटतं, लिचेट म्हणतात त्याला, त्याच्यासोबत शिसं, कॅडमियम हे विषारी धातू उताराने शेतात येतात आणि ते कुजत नाहीत की उडून जात नाहीत, तिथेच बसतात.

म्हणून आधी टेस्ट. साधं माती परीक्षण उपयोगाचं नाही, त्यात सामू, नत्र-स्फुरद-पालाश बघतात, शिसं नाही. लॅबला "हेवी मेटल करता का, शिसं आणि कॅडमियम दोन्ही?" असं स्पष्ट विचारूनच पैसे भरा.

सँपल घेताना लोखंडी किंवा जस्ताचा मुलामा दिलेलं अवजार नको, त्याचाच धातू मातीत उतरतो. बांबूची कामटी किंवा प्लॅस्टिकचं खुरपं घ्या. शेतात नागमोडी चालत ८-१० ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला करून १५ सेंटीमीटर खोल व्ही आकाराचा खड्डा घ्या, त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत माती खरवडून प्लॅस्टिकच्या घमेल्यात टाका, नीट मिसळा, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा, बाकी फेका, अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डेपोपासून लांब, वरच्या अंगाच्या शेतातलं एक सँपल वेगळं द्या, नाहीतर रिपोर्टमधला आकडा जास्त की कमी हे ताडायला काहीच हातात नसतं.

अंदाजासाठी सांगतो, अमेरिकेत घराभोवतीच्या मातीत शिसं किती असलं की पुढे चौकशी करायची ती पातळी २०२४ मध्ये ४०० पीपीएमवरून (म्हणजे किलोमागे ४०० मिलिग्रॅम) २०० वर आणली.

आकडा वाढलेला आला तर पालेभाज्या आणि मुळा-गाजर बंद करा, पालक तर कॅडमियम भरपूर ओढतो. टोमॅटो, वांगी, भेंडी, घेवडा त्यामानाने बरे, फळापर्यंत कमी पोचतं. घरापुरतीच भाजी हवी असेल तर खाली जाड कापड अंथरून एक-दीड फूट उंच वाफा करा, माती बाहेरची आणा. सिटी कंपोस्ट घालणार असाल तर त्याचाही रिपोर्ट मागा, नियमाने त्यात किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. वाफ्याला त्याच नासलेल्या विहिरीचं पाणी दिलं तर सगळी मेहनत वाया, पाण्याचं सँपलही सोबतच द्या.

रिपोर्ट येईपर्यंत लहान पोरांना त्या मातीत खेळू देऊ नका, त्यांचे हात सारखे तोंडात जातात. शेतातल्या चपला दाराबाहेर, आणि भाजी दोन-तीन पाण्यांनी धुवा, कारण पानावर बसलेल्या धुळीतूनच बरंचसं शिसं पोटात जातं.