जेलमधे नर्सिंगला येताय? नव्या कैद्याचे पहिले तीन-चार दिवस सांभाळा

हिंडलग्याच्या जेलचं नाव बेळगाव, खानापूर, निपाणीकडं सगळ्यांना माहीत, त्यामुळं जेलमधे ड्युटी म्हटलं की घरचे आधी घाबरतात. भिऊ नका. शुगर, बीपी, खरूज, खोकला हेच जास्त असतंय. दोन आठवड्यांवर खोकला असला की थुंकी टीबीला पाठवायची, हे तुम्हाला येतंच.

खरी भीती ठेवा ती रोज पिणारा माणूस आत येतो त्याची. अटकेनंतर चोवीस तासांत कोर्टात नेतात, तिथनं संध्याकाळी जेलमधे, म्हणजे तुमच्यासमोर येईस्तोवर दारू सुटून दिवस होत आलेला असतोय. थरथर, घाम, उलटी ६ ते २४ तासांत, फिट बहुतेक ४८ तासांच्या आत, आणि भ्रम ४८ ते ९६ तासांत. तास शेवटच्या दारूपासून मोजा, जेलच्या एन्ट्रीपासून नको. बरोबर बॅरेक बंद झाल्यावर रात्री माणूस ओरडालाय, भिंतीवर किडे दिसालेत म्हणतोय, आणि बाहेरनं आवाज येतो, "सिस्टर, नाटक करालाय, सकाळी बघू." सकाळपर्यंत तो जिवंत असेलच असं नाही. मला सुरुवातीला एका सिनियरनी "पाणी पाजा, झोपू दे" एवढंच शिकवलं होतं, त्याचा राग अजून जात नाही.

म्हणून आल्या-आल्या विचारा, रोज किती आणि शेवटची कधी. आवाजात टोमणा नको, टोमणा आला की तो खोटं सांगतो. पल्स, बीपी, घाम, हाताची थरथर आणि शुगर पण बघा, कारण शुगर उतरली तरी माणूस असाच दिसतो. डॉक्टरांना लगेच फोन. गोळीचा डोस तेच ठरवणार, पण ग्लुकोज लावायचं म्हटलं तर थायामिन (व्हिटॅमिन बी१) आधी द्यायचं का हे तुम्ही विचारायचं. त्याला एकट्याला कोठडीत टाकू देऊ नका, फिट आली तर बघणार कोण?

गोळ्या दुसऱ्या कैद्याच्या हातनं वाटायचा शॉर्टकट तर अजिबात नको, गोळी तोंडात गेलेली स्वतः बघा, साठवून एकदम घेणारे असतात.

गुन्हा विचारू नका. कैद्यांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या मंडेला नियमांत, २०१५ च्या, स्पष्ट आहे की बाहेरच्या माणसाला मिळते तीच ट्रीटमेंट आत मिळाली पाहिजे. तुमचे पहिले दिवस जड जातात, मग सुधारतंय, जुन्या हेड वॉर्डरशी (पहारेकऱ्यांच्या प्रमुखाशी) जमवून घ्या, कोण जेवत नाही हे त्यांना आधी कळतं. आणि रात्रीच्या स्टाफला नाव, बॅरेक, शेवटच्या दारूची वेळ लिहूनच द्या, तोंडी सांगून घरी जाऊ नका.