खतखत्यावर कच्चं खोबरेल
घाण्याचं खोबरेल फोडणीत जाळू नका. खतखतं, म्हणजे आपली गोव्याची मिश्र भाज्यांची रसदार भाजी, शिजून त्यातल्या तिरफळाचा (एक सुगंधी मसाला) वास सुटला की गॅस बंद करा, वरून एक छोटा चमचा कच्चं तेल सोडा आणि पाच मिनिटं झाकण ठेवा. झाकण काढताच असा घमघमाट सुटतो की आणखी तेलाची गरजच वाटत नाही. माझ्या मते खरा फायदा हाच, तेल कमी लागतं. खोबरेलात ८० टक्क्यांहून जास्त संतृप्त चरबी असते आणि आपल्या गोव्याकडच्या वाटणात नारळ असतोच, तेव्हा पौष्टिक म्हणून हात सैल सोडू नका. थंडीत २४ अंशांखाली तेल गोठतं. ते खराब झालेलं नसतं; बाटली कोमट पाण्यात ठेवली की पातळ होतं.