जलरंगात 'की' मठाच्या भिंती पांढऱ्या राखण्यासाठी

हिमाचलमधल्या स्पितीतला ४,१६६ मीटर उंचीवरचा 'की' हा बौद्ध मठ रंगवताना मागच्या डोंगराचा तपकिरी रंग पांढऱ्या भिंतींत उतरतो. वरून पांढरा रंग फासला की त्या खडूसारख्या मळकट दिसतात. त्यापेक्षा कागदच कोरा राखा.

१. ३०० ग्रॅमच्या (प्रति चौरस मीटर) जाड कागदावर फिकट रेखाटन करून भिंतींवर मास्किंग फ्लुइड (रंग कागदाला लागू न देणारा रबरी द्रव) लावा. ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवा, नाहीतर केस चिकटून तो कायमचा जातो.
२. यलो ऑकर, बर्न्ट सिएनाने डोंगर बिनधास्त रंगवा.
३. वाळल्यावर फ्लुइड बोटाने चोळून काढा. सावलीतल्या भिंतींवर अल्ट्रामरीन निळ्याचा अगदी पातळ हात, मग खिडक्यांच्या काळ्या चौकटी. त्या तळाशी किंचित रुंद असतात, तेवढं जपाच.

हेअर ड्रायर लावू नका. फ्लुइडबरोबर कागदाचा पापुद्रा निघतो.