एसीटीएच स्टिम्युलेशन टेस्ट: सुई टोचण्याआधीच कुठे फसते

वजन घटतंय, बीपी कमी, सोडियम कमी, तळहाताच्या रेषा काळ्या पडलेल्या. असा पेशंट आला की मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताण झेलायला लागणारं हार्मोन पुरेसं बनवतात का, ते बघावं लागतं. सुरुवात सकाळी ८ च्या साध्या कॉर्टिसॉलने करा. ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी आलं तर कॉर्टिसॉल कमी पडण्याच्या आजाराचं निदान जवळजवळ झालंच, १८ च्या वर असेल तर हा आजार बहुधा नाही. स्टिम्युलेशन टेस्ट लागते ती मधल्या आकड्यांसाठी. पिट्युटरी (मेंदूखालची ग्रंथी) एसीटीएच हे हार्मोन पाठवून कॉर्टिसॉल बनवून घेते; टेस्टमध्ये तेच इंजेक्शनने देऊन कॉर्टिसॉल चढतं का ते बघतात.

पेशंट कोसळलेला असेल तर टेस्टचं नावही काढू नका. कॉर्टिसॉल आणि एसीटीएचसाठी रक्त काढा आणि लगेच हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून द्या.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो औषधांच्या चौकशीत. ‘स्टिरॉइड घेता का?’ असं विचारलं की उत्तर हमखास ‘नाही’ येतं. त्याऐवजी दम्याचा पंप, चेहरा उजळायची क्रीम, गुडघ्यात घेतलेलं इंजेक्शन, सांधेदुखीच्या पुड्या असं एकेक नाव घेऊन विचारा. हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रेडनिसोलोन कॉर्टिसॉल म्हणूनच मोजले जाऊ शकतात आणि आकडा फुगतो. म्हणून ती साधारण २४ तास आधी थांबवतात, पण डॉक्टरांनी सांगितलं तरच. डेक्सामेथासोन मोजणीत येत नाही, मात्र बरेच दिवस घेतलं असेल तर पिट्युटरी दबलेली असते. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनीही एकूण कॉर्टिसॉल वाढलेलं दिसतं, त्या ६ आठवडे आधी बंद हव्यात. केसांसाठीच्या बायोटिनबद्दलही विचारा. काही मशिनवर त्याने आकडा खोटाच चढतो.

उपाशी राहायची गरज नाही. पहिलं रक्त इंजेक्शनच्या आधी काढा. त्यातलंच थोडं एसीटीएचसाठी जांभळ्या टोपणाच्या नळीत घेऊन बर्फात ठेवा आणि लगेच लॅबला पाठवा. मग सिनॅक्थेन (कृत्रिम एसीटीएच) २५० मायक्रोग्रॅम शिरेत किंवा स्नायूत द्या आणि ३० व ६० मिनिटांनी पुन्हा रक्त घ्या. नळीवर खरी वेळ लिहा. रक्त ४० व्या मिनिटाला काढलं असेल तर ४०च लिहायचं. अ‍ॅलर्जी क्वचित होते, तरी अ‍ॅड्रिनॅलिन हाताशी असू द्या.

आपल्याकडे सिनॅक्थेन सहज मिळत नाही, म्हणून बरीच सेंटर अ‍ॅक्टन प्रोलाँगेटम हे जास्त वेळ टिकणारं एसीटीएच वापरतात. ते फक्त स्नायूत द्यायचं, साधारण २५ ते ३० युनिट, आणि रक्त ६० मिनिटांनी. बाटलीत एका मिलिलिटरला ६० युनिट असतात, म्हणजे ३० युनिट म्हणजे अर्धा मिलिलिटर. इथे इन्सुलिनची सिरिंज घेऊ नका! ४० युनिटच्या सिरिंजवर ३० च्या रेघेपर्यंत भरलं तर पाऊण मिलिलिटर, म्हणजे ४५ युनिट जातात. १ मिलिलिटरची ट्युबरक्युलिन सिरिंज वापरा.

कॉर्टिसॉल मोजायच्या जुन्या पद्धतीच्या किटवर १८ ते २० च्या वर गेलेलं कॉर्टिसॉल नॉर्मल धरतात, नव्या किटवर १४-१५ सुद्धा पुरतं. त्यामुळे कुठलं किट वापरलं, ते लॅबला विचारल्याशिवाय कुणावर आयुष्यभराच्या गोळ्यांचा शिक्का मारू नका. रिपोर्ट नॅनोमोलमध्ये असेल तर मायक्रोग्रॅमचा आकडा काढायला २७.६ ने भागा.

नॉर्मल रिपोर्टही कधी कधी फसवा असतो. पिट्युटरीचं ऑपरेशन किंवा बाळंतपणातला मोठा रक्तस्राव नुकताच झाला असेल, तर पिट्युटरीचं एसीटीएच कमी पडलं तरी अ‍ॅड्रिनल अजून सुकलेल्या नसतात आणि इंजेक्शनला छान प्रतिसाद देतात. अशा वेळी ६ आठवडे थांबून टेस्ट करा, तोवर शंका असेल तर हायड्रोकॉर्टिसोन चालू ठेवा.

कॉर्टिसॉल चढलं नाही आणि एसीटीएच खूप जास्त असेल तर दोष अ‍ॅड्रिनलमध्येच आहे. आपल्या भागात मग टीबी शोधावाच लागतो, त्यासाठी अ‍ॅड्रिनलचा सीटी करा. एकेटी (टीबीची औषधं) सुरू करताना हायड्रोकॉर्टिसोन आधी सुरू असलं पाहिजे आणि डोस बहुधा वाढवावा लागतो, कारण त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे कॉर्टिसॉल लवकर मोडतं आणि काठावरचा पेशंट क्रायसिसमध्ये (बीपी कोसळून जिवावर बेतण्याच्या अवस्थेत) जाऊ शकतो.