कोकणात शेतीच करायची ठरवलीय? मग या चुका टाळा

शिक्षण संपवून, कधी मुंबईतली नोकरी सोडून, "मी आता बागच बघणार" म्हणणारी मुलं-मुली राजापूर-लांज्याकडे हल्ली भेटतात, आणि मला मनापासून बरं वाटतं. पण त्यातली काही दोन-तीन वर्षांत परत जातात. ती कष्टाला कमी पडत नाहीत. शेतकऱ्याच्या घरात जन्मलो म्हणजे शेती येतेच, हे धरून चालतात आणि तिथे फसतात.

सामायिक सातबाऱ्यावर तोंडी भरवशाने लागवड

ही चूक मी स्वतः केली. आमच्या वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जागेत काजूची 120 कलमं लावली. सातबाऱ्यावर आजोबांच्या भावंडांचे वारस मिळून चौदा नावं. "लाव रे, पडीकच आहे ती" असं सगळे म्हणाले होते. चौथ्या वर्षी काजू धरायला लागला आणि गणपतीला आलेल्या एका काकांनी हिस्सा मागितला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, जागा त्यांचीही होतीच. लिहून घेतलं नाही, ते मी.

म्हणून खड्डे मारण्याआधी सातबारा, 8अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) आणि जुने फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) काढा. मयत खातेदारांच्या वारसनोंदी राहिल्या असतील तर त्या आधी करून घ्या. सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. तेवढं जमत नसेल तर निदान स्टॅम्पपेपरवर सर्वांचं संमतीपत्र घ्या. अनुदान आणि कर्जाच्या वेळीही ते मागतातच. सह्यांसाठी गणपती आणि शिमगा हेच दिवस, कारण तेव्हाच चाकरमानी घरी असतात. झाडं आधीच लावून बसला असाल तर खर्च कोणाचा, उत्पन्नात वाटा किती, हे आज लिहा. पेट्या भरायला लागल्यावर हे बोलणं फार कठीण होतं.

कलम लावलं की काम झालं असं समजणं

आंब्याच्या कलमाच्या जोडाखालून रायवळ (बाठ्यापासून उगवलेल्या गावठी आंब्याची) फूट येते आणि ती फार जोमाने वाढते. ती वेळोवेळी काढली नाही तर वरचा हापूस मरतो, खालचं रायवळ उरतं, आणि आंबा धरेपर्यंत कळतही नाही. पहिली तीन वर्षं महिन्यातून एकदा प्रत्येक कलमाच्या बुंध्याशी वाकून बघा. जोड मातीत गाडू नका. कलमाची प्लास्टिक पट्टी जोड पक्का झाल्यावर सोडा, नाहीतर ती खोडात रुतते.

कोकमाचं तर आणखीच. त्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि हे समजायला सहा-सात वर्षं जातात. त्यामुळे कोकम अमृतासारख्या जातीचं कलमच घ्या, तेही विद्यापीठाच्या किंवा परवानाधारक रोपवाटिकेतून, पावतीसह.

काजूच्या बुंध्याशी भुसा आणि डिंक दिसला तर तो रोठा, म्हणजे खोड पोखरणारी अळी. लगेच साल तासून अळी बाहेर काढा. पानं पिवळी पडेपर्यंत थांबलात तर झाड सहसा वाचत नाही.

पाऊस भरपूर, म्हणजे पाण्याची काळजी नाही

आपल्याकडे 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जांभ्यात तो थांबत नाही. नवी कलमं पावसात कमी आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांत जास्त मरतात. बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन करा, पाणी झिरपत राहील असं मडकं पुरा. आणि दिवाळीनंतर बागेभोवतीचं गवत कापून पट्टा मोकळा ठेवा. एका वणव्यात पाच वर्षं जातात.

एकाच झाडावर संसार

काजू तिसऱ्या वर्षी फळायला लागतो, हापूसला बरीच जास्त वर्षं लागतात. तोवर घर कशावर चालणार? भात कापल्यावर त्याच ओलीवर कुळीथ, पावटा, चवळी घ्या. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात दापोली-श्रीवर्धनकडच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. तेव्हा एकाच पिकावर सगळं ठेवलेल्या घरांचे काय हाल झाले ते आपण पाहिलंय.

मोहोरासाठी घाई

आंब्याला मोहोर लवकर यावा म्हणून मुळाशी देतात त्या पॅक्लोब्युट्राझोलची शिफारस आहे ती झाडाच्या पसाऱ्याच्या व्यासाच्या प्रति मीटर 3 मिलीची, 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या दरम्यान, आणि दहा वर्षांवरच्या निरोगी झाडाला. शेजाऱ्याने दुप्पट घातलं म्हणून आपण घालायचं नाही. ज्या झाडाला ते देता त्याला खतही पुरेसं द्यावं लागतं. फवारणीच्या औषधांसाठी दलालाकडून उचल घेतली की मालही त्याच्याच दराने जातो, एवढं लक्षात ठेवा.

वडिलांना न विचारणं

दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकत असाल तर शेवटच्या वर्षी कार्यानुभवासाठी गावात राहावं लागतं. कित्येक मुलं दुसऱ्यांच्या बागेची माहिती वहीभर लिहितात आणि स्वतःच्या बागेची एक ओळ लिहीत नाहीत. कुठल्या कलमाला कधी मोहोर येतो, कुठल्या आंब्यात साका (गरातला पांढरट, खराब भाग) जास्त निघतो, कुठल्या कोपऱ्यात पाणी तुंबतं, हे सगळं वडिलांच्या डोक्यात असतं. प्रत्येक झाडाला नंबर द्या, त्यांना सोबत घेऊन एक फेरी मारा आणि ते सांगतील तसं लिहून काढा. यंदाचा मोहोर यायच्या आधीच.